काळ्या कोटात लिस्बनला जेवायला

परदेशातून आलेल्या माणसाला लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. थंडी किती होती, आणि खाण्याचे हाल झाले का. माझं दुकान अलिबागला कोर्टासमोरच्या गल्लीत आहे, त्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक वकील, आणि वकील सरळ प्रश्न विचारतील तर शपथ. "मास्तर, तिकडच्या मोठ्या रेस्टॉरंटात जाताना नेमकं काय घालायचं असतं? म्हणजे उद्या समजा आम्हाला जायची वेळ आली तर?" एकाने विचारलं, मग दुसऱ्याने विचारलं. तेच उत्तर सहा वेळा देऊन झाल्यावर म्हटलं, आता लिहूनच काढतो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं आणि मला माझं माप घेऊ द्यावं.

मी कोट शिवतो. चाळीस वर्षं झाली. लग्नाचे नाहीत, ते लोक आता तयार विकत घेतात. मी शिवतो वकिलांचे काळे कोट. जिल्ह्याच्या कोर्टात उभे राहणारे निम्मे खांदे माझ्या हाताखालून गेलेत असं म्हटलं तर फुशारकी होईल, पण खोटं होणार नाही. आणि या चाळीस वर्षांत स्वतःसाठी मी एकही कोट शिवला नव्हता. कोट घालून मी जाणार कुठे? दुकानातून घरी आणि घरून दुकानात.

हे सगळं सांगायचं कारण एक जुनी गोष्ट आहे. आमची प्राची दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा मी तिला आणि तिच्या आईला मांडव्याहून लाँचने मुंबईला नेलं. समुद्रासमोरचं मोठं हॉटेल, आज तिथे जेवायचं, असं मी आठ दिवस आधीपासून घरात सांगत होतो. अंगात मीच शिवलेला सफारी होता. दारावरच्या माणसाने वरून खालपर्यंत बघितलं आणि पायांशी येऊन त्याची नजर थांबली. "चप्पल नहीं चलेगा." खरं तर ते सँडल होते, पण वाद कोण घालणार? मी म्हटलं, तुम्ही दोघी आत जा, मी बसतो कठड्यावर. सुलभा, म्हणजे माझी बायको, उरणकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुमाला भायेर बसवून मना घास जानार न्हाय." मग तिघांनी कठड्यावर बसून वडापाव खाल्ला. प्राचीने तो संपेपर्यंत मान वर केली नाही.

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात नंतर कोणी अवाक्षर काढलं नाही. पण पोरीची ती खाली गेलेली मान मी विसरलो नव्हतो.

निघण्याआधी

प्राची तीन वर्षं लिस्बनला आहे, कॉम्प्युटरच्या कंपनीत. पोर्तुगालची राजधानी. आम्हाला बोलावून बोलावून थकली तेव्हा कुठे आम्ही हो म्हटलं. निघायच्या महिनाभर आधी तिचा फोन आला. "बाबा, इथे एक खूप जुनं रेस्टॉरंट आहे. मी टेबल सांगून ठेवलंय, शुक्रवारचं. तिथे पुरुषांना कोट लागतो. तुमच्या मापाचा इथे घेऊ का?"

मी म्हटलं, "कोटवाल्याला कोट विकत घेऊन देतेस?" ती हसली. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तिने नदीकाठचं साधं हॉटेल निवडलं नव्हतं. दारावर कपडे बघतात असंच निवडलं होतं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मनात एवढंच ठरवलं की या वेळी दारावर कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही.

सुलभा म्हणाली, निळा शिवा, नाहीतर राखाडी. माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं काळ्या कापडावर हात बसलाय. काळ्यावर टाका दिसत नाही, पण टाका चुकला तर पडलेला झोळ लगेच दिसतो. ज्याला काळा कोट जमला त्याला सगळं जमलं. ठेवणीतलं उत्तम काळं कापड काढलं, आतला कॅनव्हास हाताने बसवला, काजं हाताने केली. बारा दिवस लागले. आपल्याच खांद्याचं माप आपणच घेणं काय असतं ते तेव्हा कळलं. टेप सारखी निसटायची आणि सुलभा दाराशी उभी राहून हसायची.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोटाच्या मागे खाली फट असते. शिवताना, इस्त्री करताना ती वाकडी होऊ नये म्हणून तिला पांढऱ्या दोऱ्याने फुलीसारखा एक कच्चा टाका घालतात. तयार कोटालाही तो असतो. बाकी शिंपी घडी घालायच्या आधीच तो काढून टाकतात. मी काढत नाही. गिऱ्हाईक कोट अंगात घालतं, आरशापुढे उभं राहतं, मग मी त्याच्या मागे जातो, "साहेब, हलू नका" म्हणतो आणि कात्रीच्या टोकाने ती फुली कापतो. माझ्या उस्तादांची ही रीत. ते म्हणायचे, तोवर कोट शिंप्याचा असतो, मग मालकाचा होतो. आजवर एकही कोट माझ्या दुकानातून याशिवाय गेलेला नाही.

पण माझ्या कोटाची फुली कापणार कोण? मी माझ्याच पाठीमागे कसा उभा राहू? म्हटलं, तिकडे गेल्यावर बघू. दोरा कापायची छोटी कात्री पिशवीत टाकली. ती विमानतळावर काढून घेतली. तिथल्या पोरीला मी सांगत होतो की बाई, ही माझ्या उस्तादांच्या हातची आहे, तर ती म्हणाली, काका, पुढे सरका. मी पुढे सरकलो.

लिस्बन

विमानाचं काही सांगत नाही. कोट मांडीवर घेऊन बसलो होतो एवढं सांगितलं की पुरे.

पहिल्या सकाळी प्राचीने आम्हाला टेकडीवर नेलं आणि खाली बघा म्हणाली. मी बघितलं. लाल कौलांची घरं उतरत उतरत पाण्यापर्यंत गेलेली, आणि पुढे नदी. तिला नदी म्हणतात खरे, पण धरमतरची खाडी तिच्यात कुठच्या कुठे हरवून जाईल. उजेड तर असा की अंगणात धुऊन वाळत घातलाय. मी तिथल्या दगडी बाकावर अर्धा तास बसलो. सुलभाही गप्प होती, आणि ती गप्प बसली की समजायचं काहीतरी मोठं आहे.

मग तिला घरांच्या भिंती दिसल्या. तिथे भिंतींना बाहेरून फरशा लावतात. निळ्या, पांढऱ्या, हिरव्या, नक्षीच्या. "आगं बाय," ती म्हणाली, "यांनी न्हानीघर भायेर आनलंय." प्राची रस्त्यात हसत सुटली. पण जवळ जाऊन हात लावून बघितलं तर एकेक फरशी हाताने रंगवलेली. शेकडो वर्षं ऊन-पाऊस खाऊनही रंग तसाच. मी मनातल्या मनात त्या कारागिराला नमस्कार केला.

पायाखालचंही सांगून ठेवतो, कारण ते कपड्यांमध्येच मोडतं. तिकडचे फूटपाथ पांढऱ्या-काळ्या छोट्या दगडांचे आहेत, लाटांची नक्षी केलेले, आणि इतकी वर्षं लोकांनी घासून घासून ते गुळगुळीत झालेत. मी नवे चामड्याचे बूट घालून ऐटीत उताराला लागलो आणि चौथ्या पावलाला बसलो. बसलो तो चार हात घसरत गेलो. वरच्या खिडकीतून एक आजीबाई माझ्यावर काहीतरी ओरडल्या. प्राची म्हणाली, त्या विचारतायत, लागलं का, आणि असले बूट घालून कशाला फिरता. सुलभाने साडीखाली कॅनव्हासचे बूट घातले होते. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

दुपारी जेवायला गल्लीतल्या साध्या खाणावळीत गेलो. बाहेर निखाऱ्यावर तारल्या भाजत होते, ती छोटी मासळी. आपल्याच तारल्या, जरा जाड अंगाच्या. मीठ लावून आख्ख्या भाजलेल्या, बरोबर बटाटा आणि पाव. पावाला ते पावच म्हणतात, जरा नाकातून. आमच्या रेवदंड्याला, कोर्लईला त्यांची सत्ता होती, तेव्हाचा हा शब्द आपल्याकडे राहून गेला, असं प्राचीने सांगितलं. इतकी वर्षं तोंडात असलेला शब्द त्याच्या माहेरी ऐकला तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

तिथे प्रवासी लोक अर्ध्या चड्डीत बसले होते आणि कोणी त्यांना काही म्हणत नव्हतं. म्हणजे लिहून घ्या, दुपारी, रस्त्यावरच्या खाणावळीत, सगळं चालतं. पण कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ एकटेच जेवत होते. ऐंशीच्या पुढचे असतील. भर उन्हात राखाडी कोट, इस्त्रीचा सदरा, गळ्याशी रुमाल खोचलेला. त्यांनी सुरी-काट्याने तारलीचा काटा असा उचलला की आख्खा सांगाडा एका झटक्यात बाजूला. सहा तारल्या झाल्या. कोटावर एक थेंब नाही. मी माझं जेवण सोडून त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना कोणी कोट घालायला सांगितलं नव्हतं. ते जेवणाच्या मानापोटी घालून आले होते, तारल्यांच्या मानापोटी.

माझ्या सदऱ्यावर तोवर तेलाचे तीन डाग पडले होते.

दगडातले टाके

तिसऱ्या दिवशी नदीच्या मुखाशी गेलो. तिथून पुढे सगळा समुद्रच. इथूनच ती गलबतं निघायची, प्राची म्हणाली, आणि आपल्याकडे यायची. मी त्या कठड्यावर उभा होतो. आमच्या किनाऱ्यावरचे ते पडके बुरूज मी लहानपणापासून बघतोय, त्यावर चढून कैऱ्या खाल्ल्यात. पण इतक्या लांबून, लाकडाच्या बोटीत बसून, पलीकडे काय आहे ते माहीत नसताना माणसं निघत होती, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. अंगावर काटा आला. त्यांनी आपल्याकडे येऊन काय काय केलं ते मला माहीत आहे, ते चांगलं म्हणवत नाही. पण त्या पाण्यापुढे हात जोडले गेले.

जवळच एक जुना मठ आहे. त्याच्या ओवऱ्यांमध्ये गेलो आणि मी पुरता गार झालो. खांबाखांबाला दगडात दोरखंड कोरलेत. पिळाचे दोरखंड, त्यांना गाठी, गाठींना वेटोळी, एकाखालून दुसरं काढलेलं. सुईने दोरा ओवावा तसा दगड ओवलाय. एका गाठीपाशी मी बोट ठेवून दोराची सुरुवात शोधत बसलो, पण सुरुवात सापडली नाही. प्राची दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "बाबा, रडताय?" मी म्हटलं, "डोळ्यात धूळ गेली." गेली नव्हती. चांगलं काम बघितलं की मला असं होतं, त्याला इलाज नाही.

येताना बाजारात खारवून वाळवलेल्या माशाचं दुकान लागलं. फळ्यांसारखे मासे एकावर एक रचलेले. सुलभा आत गेली, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "घरी आल्यावानी वाटलं." मला तर रस्त्यावरूनच पुरे झालं होतं.

शुक्रवार

संध्याकाळी मी पहिल्यांदा कोट बाहेर काढला. तोवर मी तो प्राचीला दाखवला नव्हता, अगदी ठरवून. पांढरा सदरा, काळा टाय, काळा कोट. बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिलो.

प्राची बघतच राहिली. पण ज्या तऱ्हेने बघायला हवं होतं तसं नाही. "छान आहे बाबा," म्हणाली, आणि आतून एक तांबडा टाय घेऊन आली. "हा लावा ना. मी तुमच्यासाठी आणलाय." मी म्हटलं, काळ्यावर काळाच शोभतो. ती म्हणाली, प्लीज. मी म्हटलं, आमच्या कोर्टात न्यायाधीशसुद्धा हरकत घेत नाहीत आणि तू घेतेस? तिने टाय परत ठेवला. मला वाटलं, पोरगी उगाच घाबरतेय. मी हट्टी माणूस आहे, मला ते माहीत आहे आणि सुलभाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

सुलभाने जांभळी पैठणी नेसली. बायकांना तिथे काय नियम आहे, मी विचारलं. प्राची म्हणाली, साडीला कुठेच नियम नाही, आई कुठेही जाऊ शकते. तेव्हा बायकांसाठी माझा सल्ला एवढाच, साडी नेसा आणि खाली काय घातलंय ते कोणाला दाखवू नका. सुलभाच्या पायात तेच कॅनव्हासचे बूट होते.

निघताना फुलीची आठवण झाली. प्राचीकडे भाजी कापायची कात्री होती, ती दाखवत म्हणाली, कशाला हवीय? मी म्हटलं, काही नाही. भाजीची कात्री मी माझ्या कोटाला लावू देणार नव्हतो. जाऊ दे, म्हटलं, पाठ कोण बघतंय.

साडेसात झाले होते तरी उन्हं कौलांवर होती आणि वारा गार होता. रेस्टॉरंटच्या दारावर माणूस उभा होता. मी नकळत पाय जुळवले. त्याने माझ्या बुटांकडे बघितलंही नाही. दार उघडलं, किंचित वाकला, आणि आम्ही आत.

आत काय होतं ते कसं सांगू? छत एवढं उंच की मान दुखेल. भिंतीभर जुने आरसे, त्यात दिवे, दिव्यांत पुन्हा आरसे. टेबलांवर पांढऱ्या चादरी, आणि चादरीचा प्रत्येक कोपरा जमिनीपासून सारख्या मापावर. इतकी माणसं, पण आवाज असा की कोणी कुजबुजतंय. वाढणारे सगळे काळ्या कोटात होते. मी सवयीने त्यांचे खांदे बघितले, जरा उतरलेले होते, यंत्राचं काम. सुलभा माझ्या कानाशी लागली, "आवो, हे सगले तुमच्यावानीच दिसतान." मी म्हटलं, गप बस.

ती आणि प्राची पदराची पिन नीट करायला आत गेल्या. मी बाहेरच्या बोळात थांबलो, जिथे लोकांचे ओव्हरकोट टांगतात. तिथला माणूस कुठेतरी गेला होता. टांगलेल्या कोटांची अस्तरं बघण्यात माझा वेळ मजेत चालला होता.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचे यजमान आत आले. बाई सरळ माझ्यापाशी आल्या, वळल्या आणि माझ्याकडे पाठ करून खांदे जरासे मागे टाकले. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं लोक माझ्याकडे पाठ करून असेच खांदे मागे टाकतात. माझे हात विचारत नाहीत, आपोआप वर जातात. मी कॉलर धरली, बाह्या अलगद सोडवल्या आणि कोट काढून घेतला. जुना होता, पण काय कापड होतं, आणि अस्तराला हाताची तुरपाई. यजमानांनीही त्यांचा कोट माझ्या हातात दिला. मी दोन्ही कोट खांदे बसवून टांगले, खांदे ओघळू नयेत म्हणून वरचं बटण लावलं. बाई हसून काहीतरी म्हणाल्या. मीही हसलो.

मागे वळलो तर प्राची उभी होती.

तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. ती त्या बाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, हळू आवाजात. बाईंनी तोंडावर हात ठेवला. यजमानांची मान लाल झाली. आणि तेव्हा, तेव्हा कुठे, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की काळा कोट, पांढरा सदरा आणि काळा टाय घालून मी त्या दारात कोण दिसत होतो. तांबड्या टायचं कारणही तेव्हाच कळलं.

"आपण निघू या," प्राची म्हणाली. "बाबा, चला. मला इथे जेवायचं नाही."

"अगं, पण..."

"मी महिनाभर आधी टेबल सांगितलं ते कशासाठी?" तिचे डोळे भरले. "तो वडापाव खाताना मी ठरवलं होतं. मी कमवायला लागले की तुम्हाला अशाच दारातून आत नेईन. आणि इथे तुम्हाला कोट टांगायला लावलं." तिने पुन्हा मान खाली घातली. तीच मान, तशीच.

पंधरा वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी तिला माझी लाज वाटली. पोरगी माझ्यासाठी मान खाली घालून बसली होती.

"प्राची," म्हटलं, "कोणी लावलं नाही. माझे हात गेले." पण त्याने तिचं समाधान होणार नव्हतं. सुलभाने तिचा हात धरला आणि आम्ही तिघं दाराकडे वळलो. म्हणजे माझी पाठ खोलीकडे झाली.

मागून कोणीतरी हाक मारली. तिथले हेडवेटर होते, साठीच्या पुढचे, ताठ, केस चप्प बसवलेले. त्यांनी सगळं बघितलं असावं. ते माफी मागायला आले असणार, पण मागितली नाही. ते माझ्या पाठीकडे बघत होते. मग प्राचीला काहीतरी विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "बाबा, ते विचारतायत, हा कोट कोणी शिवला."

"मी," म्हटलं.

त्यांनी परवानगी मागितल्यासारखा हात पुढे केला आणि माझ्या खांद्याच्या शिवणीवर दोन बोटं ठेवली. मग काज बघितलं, वाकून, जवळून. "काझा," ते म्हणाले. त्यांच्यात काजाला काझा म्हणतात. मग ते जरा वेळ बोलले आणि प्राची एकेक वाक्य सांगत गेली. "ते म्हणतात, ते चाळीस वर्षं काळा कोट घालतायत. रोज. इतका खांद्यावर बसलेला कोट त्यांना कधी मिळाला नाही. पण ते विचारतायत की..." ती थांबली. "की याचा मागचा टाका अजून काढलेला का नाही?"

मी सांगितलं. माझी रीत शब्दन्शब्द सांगितली, उस्तादांची सांगितली, विमानतळावर राहिलेली कात्री सांगितली. माझ्यामागे उभं राहायला कोणी नव्हतं, हेही सांगितलं. प्राची सांगता सांगता माझ्याकडे बघायला लागली. हे तिला माहीतच नव्हतं. कसं असणार? लहानपणी ती दुकानात आली की मी ओरडायचो, कात्रीला हात लावायचा नाही, पुस्तकाला लाव.

हेडवेटर आत गेले. आले ते हातात चांदीची तबकडी घेऊन, त्यावर पांढरा रुमाल, रुमालावर छोटी कात्री. मला वाटलं, आता हे कापणार. त्यांनी तबकडी माझ्यापुढे धरली. मी कात्री उचलली, धार अंगठ्यावर बघितली आणि प्राचीच्या हातात दिली.

"मी?" ती म्हणाली. "मला येत नाही बाबा. कापड कापलं गेलं तर?"

"दोऱ्याखाली टोक घाल. कापडाला लावू नको. घाई नाही."

तिथला एक मोठा आरसा समोर होता. मी त्याच्यापुढे उभा राहिलो, गिऱ्हाईक उभं राहतं तसा. त्या म्हाताऱ्या बाई आणि त्यांचे यजमान अजून तिथेच होते, सुलभा भिंतीशी उभी होती, हेडवेटर तबकडी धरून. प्राची माझ्यामागे गुडघ्यावर बसली. आरशात मला फक्त तिचे केस दिसत होते. मी जरा वळून बघायला गेलो तर खालून आवाज आला.

"साहेब, हलू नका."

एवढंसं टक झालं. पाठीला कोट सैल पडल्याचं मला जाणवलं. दुकानात हजारदा ऐकलेला आवाज, पण तो अंगावर असा पहिल्यांदाच आला. प्राची उठून उभी राहिली, पांढऱ्या दोऱ्याचे चार तुकडे तळहातावर घेऊन. तिची मान वर होती.

मग आम्ही जेवलो. खिडकीशी टेबल होतं आणि नदीवर अजून उजेड होता. लसूण आणि कोथिंबिरीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आल्या, अगदी आपल्या, फक्त नारळ नाही. सुलभाने रस्सा पावाने पुसून खाल्ला आणि हेडवेटरनी तिला आणखी पाव आणून दिला. ओव्हरकोटवाल्या बाई जाताना टेबलापाशी आल्या, प्राचीकरवी पुन्हा माफी मागितली. मी म्हटलं, त्यांना सांग, अस्तराची तुरपाई हाताची आहे, जपा, आता असं कोणी करत नाही. तो कोट त्यांच्या आईचा होता. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. जाताना त्यांनी त्यांचा कोट स्वतःच काढून घेतला, मी उठत होतो तरी.

तेव्हा वकील साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दुपारी काहीही चालतं. संध्याकाळी अर्धी चड्डी नको, उघडे खांदे नकोत, चपला नकोत. बूट रबरी तळाचे घ्या, तिथले रस्ते कोणाची भीड ठेवत नाहीत. जुन्या मोठ्या ठिकाणी कोट लागतो, तो माझ्याकडून शिवून घ्या, पण काळा घेऊ नका, निळा घ्या. हे मी सांगतोय, आणि आमच्या घरात ते ऐकून कोण हसतंय ते मला ऐकू येतंय.

आणि कोट नवा असेल तर मागचा टाका इथे दुकानात मी कापणार नाही. तो तसाच घेऊन जा, आणि आपलं माणूस बरोबर न्या.